मदत हवी आहे : उंच पर्वतावरील आणि हेलिकॉप्टर बचावकार्याचे प्रशिक्षण कोठे मिळेल?

सत्तरीची_पायवाट
नमस्कार. पावसाळ्यात सत्तरी आणि धारबांदोडा भागातील धबधब्यांवर अडकलेल्या पर्यटकांना बाहेर काढण्याचे काम आमचा गट स्वयंसेवी वृत्तीने करतो. आता गटातील काही जणांना उंच पर्वतावरील बचावकार्याचे, विशेषतः हेलिकॉप्टरने जखमीला उचलण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. ते कोणती संस्था देते आणि गोव्यातच घेता येईल का, एवढेच सांगावे. इतरत्र विचारले असता ‘आधी नीट चौकशी करा’ असे उत्तर मिळाले; मी चौकशीच करीत आहे. शुक्रवारी प्रस्ताव द्यायचा असल्याने थेट उत्तर मिळाल्यास बरे होईल.

दोरखंड
थेट उत्तरासाठी थेट माहिती लागते. उंच पर्वत म्हणजे नेमके कोठे? गोव्यातील सर्वांत उंच शिखरसुद्धा बाराशे मीटरच्या आत आहे. गटातील कोणी बेसिक गिर्यारोहण अभ्यासक्रम केला आहे का? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था ‘शोध आणि बचाव’ असा स्वतंत्र अभ्यासक्रम घेते, परंतु त्याआधी बेसिक आणि ॲडव्हान्स या पायऱ्या चढाव्या लागतात. बेसिकच 28 दिवसांचा असतो. शुक्रवारपर्यंत होणारी ही गोष्ट नाही.

किनारेवाला
गोव्याला शंभराहून अधिक किलोमीटरचा किनारा आहे आणि माणसे बुडतात ती तेथे. मी जीवरक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे सांगतो की हिमालयाचा नाद सोडून या मुलांना पाण्यातील बचाव शिकवावा. धबधब्याखालच्या डोहात उतरतानाही तोच उपयोगी पडेल.

सत्तरीची_पायवाट
किनारेवाला बाब, समुद्राविषयी मी विचारलेले नाही. गटातील दोघांचे बेसिक झाले आहे. इतरांना प्रस्तरारोहण आणि रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणे, चांगले येते. हेलिकॉप्टरविषयी अद्याप कोणीही काही सांगितलेले नाही.

निवृत्त_नौसैनिक
हेलिकॉप्टरविषयी मी सांगतो, कारण विंचवर, म्हणजे हेलिकॉप्टरमधून माणसाला दोराने वर ओढणाऱ्या यंत्रावर, काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली. दाबोळीला नौदलाची हेलिकॉप्टरे आहेत, तटरक्षक दलाचीही आहेत, परंतु खासगी गटाला सरावासाठी हेलिकॉप्टर मिळत नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्याकडे अर्ज करून एखाद्या संयुक्त सरावात तुमच्या गटाला सहभागी करून घेण्याची विनंती करावी. विंच चालवणे हे वैमानिक दलाचेच काम आहे आणि ते तुम्हाला कोणीही शिकवणार नाही.

तुम्ही शिकायचे ते जमिनीवरचे काम. हेलिकॉप्टरकडे नेहमी समोरून, वैमानिकाला दिसेल अशा बाजूने आणि त्याची खूण मिळाल्यावरच जावे. शेपटीकडे कधीही जाऊ नये. उतारावर ते टेकले असेल तर वरच्या अंगाने उतरत जाऊ नये, कारण त्या बाजूला फिरते पाते डोक्याच्या उंचीवर आलेले असते. वरून आलेला हुक जमिनीला टेकल्याशिवाय हातात घेऊ नये, कारण हवेत तरंगणाऱ्या यंत्रावर स्थिर विद्युतभार साचलेला असतो आणि त्याचा झटका माणसाला कड्यावरून पाडू शकतो. टोपी, चटई, ताडपत्री असे काहीही मोकळे ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हुक अडकवण्यापूर्वी जखमी माणूस डोंगराला बांधलेला राहिलेला नाही, हे हाताने चाचपून पाहावे. 2005 मध्ये नांगा पर्बतवर तोमाझ हुमार या स्लोव्हेनियन गिर्यारोहकाला पाकिस्तानी लष्कराच्या वैमानिकांनी उचलले, तेव्हा तो आधारासाठी बर्फात रोवलेल्या स्क्रूला पट्टीने बांधलेलाच होता. ती पट्टी तुटली म्हणून तो आणि हेलिकॉप्टर दोन्ही वाचले.

दोरखंड
हे सर्व मान्य, परंतु हेलिकॉप्टर येईल या भरवशावर गट उभा करू नये. फेब्रुवारी 2022 मध्ये केरळात पालक्काड जिल्ह्यातील मलमपुळाजवळच्या डोंगरात एक तरुण जवळजवळ दोन दिवस कपारीत अडकला होता. तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर येऊनही त्याला उचलू शकले नाही. शेवटी लष्कराचे गिर्यारोहक दोरावरून त्याच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी त्याला वर काढले. आमचे चोर्ला घाटातील कडे यापेक्षा वेगळे नाहीत.

निवृत्त_नौसैनिक
एका उदाहरणावरून हेलिकॉप्टर निकामी ठरत नाही. 2010 मध्ये अन्नपूर्णेवर सुमारे 6,900 मीटर उंचीवरून लांब दोराला लटकवून गिर्यारोहकांना खाली आणले गेले, तेथे दोरखंडवाल्यांनी काय केले असते? मात्र इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने पात्यांना उचल कमी मिळते, जमिनीचा आधार नसताना एका जागी तरंगणे सर्वांत अवघड होते आणि वैमानिक एका फेरीत एखादाच माणूस उचलतो, हेही खरे.

म्हापशाची_डॉक्टर
तुम्ही दोघे यंत्र आणि दोर यांवर वाद घालत आहात, परंतु बचावकर्त्याच्या फुप्फुसांविषयी कोणी बोलत नाही. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो आणि 5,500 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा राहतो. गोव्यातून निघालेल्या माणसाला हेलिकॉप्टरने थेट चार-साडेचार हजार मीटरवर उतरवले तर काही तासांत तो स्वतःच रुग्ण होण्याची शक्यता असते. 3,000 मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची दररोज 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. व्यायाम कितीही केला तरी हे अनुकूलन वाळपईत बसून होत नाही, आणि खाली आल्यावर काही आठवड्यांत ते निघूनही जाते. फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येऊ लागल्याची लक्षणे ओळखणे आणि रुग्णाला विनाविलंब खाली उतरवणे, हे प्रथम शिकावे.

फोंड्याचा_वाचक
सध्या औष्णिक कॅमेऱ्याचे ड्रोन उत्तम मिळतात. एक घेऊन टाकावे; शोधकार्याचा निम्मा प्रश्न सुटेल.

सत्तरीची_पायवाट
ड्रोनची किंमतही मी विचारलेली नाही. एका महाविद्यालयाचा चमू येत्या मे महिन्यात उत्तराखंडमध्ये चार हजार मीटरच्या वर पदभ्रमणाला जाणार आहे आणि सोबत स्वतःचे बचाव पथक असावे, अशी त्यांची अट आहे. प्रस्ताव त्यांनाच द्यायचा आहे.

दोरखंड
मग प्रश्नच निराळा आहे आणि तो पहिल्याच ओळीत यायला हवा होता! मे महिन्यापर्यंत बचाव पथक तयार होणार नाही, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे.

म्हापशाची_डॉक्टर
जून 2024 मध्ये उत्तराखंडमधील सहस्रताल येथे कर्नाटकातील पदभ्रमण करणारे खराब हवामानात सापडले आणि त्यांपैकी नऊ जण दगावले. वाचलेल्यांना आणण्यासाठी हेलिकॉप्टरे गेली, परंतु थंडीने गारठलेल्या माणसाजवळ तोपर्यंतचे तास काढायला तेथे हजर असलेलाच कोणीतरी लागतो. महाविद्यालयाला अनुभवी स्थानिक मार्गदर्शक, हेलिकॉप्टरचा खर्च भरून देणारा विमा आणि परतीच्या वेळेबाबत कडक शिस्त सुचवावी. तुमच्या मुलांनी प्रथमोपचार आणि जखमीला स्ट्रेचरवर बांधून वाहून नेणे एवढे पक्के केले, तरी पुष्कळ झाले.

निवृत्त_नौसैनिक
उपग्रह फोन नेण्याचा विचार असेल तर दूरसंचार विभागाची परवानगी आधी पाहावी. विनापरवाना फोन सापडल्यास अटकसुद्धा होते. जिल्हाधिकाऱ्यांकडे करायच्या अर्जाचा मसुदा हवा असल्यास मी पाठवतो.

सत्तरीची_पायवाट
मसुदा अवश्य पाठवावा, नौसैनिक बाब. ज्या दोघांचे बेसिक झाले आहे त्यांना लगेच ॲडव्हान्सला पाठवता येईल का? एकाला ए श्रेणी मिळाली आहे, दुसऱ्याला बी.

दोरखंड
ए श्रेणीवाल्याचा अर्ज आजच भरावा, कारण जागा काही महिने आधीच भरतात. बी श्रेणीवर ॲडव्हान्सला प्रवेश मिळत नाही. दुसऱ्याला तोपर्यंत माझ्याकडे पाठवावे. दर रविवारी आम्ही कड्यावर स्ट्रेचर उतरवण्याचा सराव करतो. येताना हेल्मेट स्वतःचे आणावे.