अनुभव धागा: पदवीच्या वर्गात असताना केलेलं (किंवा फसलेलं) संशोधन

भाची बी.एस्सी. बॉटनीच्या चौथ्या वर्षाला गेली. आमच्या वेळी तीन वर्षांत डिग्री घेऊन माणूस बँकेच्या परीक्षांना बसलेला असायचा. हिची सहा सत्रांची सरासरी साडेसातच्या वर, म्हणून ‘ऑनर्स विथ रिसर्च’ मिळालं. बारा क्रेडिटचा प्रकल्प करायचाय. परवा जेवताना विचारते, "मामा, संशोधन म्हणजे रोज उठून नेमकं काय करायचं असतं?"

मला सांगता येईना. आम्ही प्रॅक्टिकलला सीनियरचं जर्नल उतरवलं आणि उत्तरावरून मागे येत रीडिंग जुळवली. तसा दोष सगळा आमचाही नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते लंडनच्या नमुन्यावर, परीक्षा घ्यायला. शिकवायचं कॉलेजांनी, पेपर काढायचे विद्यापीठानं. १९०४च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः शिकवायची नि संशोधनाची मुभा मिळाली, पण ती पुढे एम.ए., पीएच.डी.वाल्यांच्याच वाट्याला आली. अपवाद आहेतच. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बी.एस्सी. ऑनर्सला असतानाच खगोलभौतिकीवाल्या सुब्रह्मण्यम चंद्रशेखरांचा निबंध १९२९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पण भाचीला चंद्रशेखर सांगून काय उपयोग? तिला तुमच्याआमच्यासारखे हवेत.

तर सरकारी किंवा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पदवी करताना तुम्ही काही शोधायला गेला होतात का? फसलं असेल तर आधी लिहा.

दगडफूल
साल १९७९, एस.वाय. महाबळेश्वरची टूर, भर पावसात. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, गोळा केलेली झाडं वर्तमानपत्रात दाबून ठेवायची आणि कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी. हॉस्टेलवर कोरडे कागद आणायचे कुठून? मेसच्या मामांना मस्का मारून त्यांच्या चुलीवर शेकून घ्यायचो. गठ्ठ्यावर ट्रंक, ट्रंकेवर रूम पार्टनर.

त्यात एक रोप कशातच बसेना. फ्लोरा (झाडं ओळखायचं जाडजूड पुस्तक) उघडून पाकळ्या मोजल्या, पानं मोजली, तीन रात्री घातल्या. सरांनाही येईना. मनात म्हटलं, झालं, नवी जात सापडली, आता माझं नाव लागणार! सर मला घेऊन पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या कचेरीत गेले. तिथल्या गृहस्थांनी भिंगातून पाहिलं, ब्लेडनं कळी उभी चिरली आणि सुईच्या टोकावर अळी काढून दाखवली. किड्यानं केलेली गाठ. रोप अगदी साधं, वाटेवरचं.

परतीच्या एस्टीत सर म्हणाले, "चिरून का नाही बघितलंस?" खरंच, नमुना खराब होईल म्हणून चिरलाच नव्हता.

चाळकरी
माझा कांदा. २०१३, टी.वाय., नाशिक जिल्हा. आपल्याकडे २००६पासून विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा असते, कॉलेजपासून राज्यापर्यंत. सहा गट आहेत, भाषा-कलेपासून औषधशास्त्रापर्यंत. मी शेती-पशुसंवर्धनात.

कांदा साठवायच्या चाळीत तो कुठे जास्त सडतो, खाली की वर, एवढाच प्रश्न. एप्रिलमध्ये जाळीच्या वीस गोण्या भरल्या, प्रत्येकी दहा किलो. दर रविवारी किराणा दुकानातला काटा मागून आणायचा, गोणी उपसायची, सडके आणि मोड आलेले वेगळे, वजन वहीत. अंगाला असा वास की लायब्ररीत शेजारी कोणी बसेना. ऑगस्टात भाव चढले आणि एका रविवारी बघतो तर सोळाच गोण्या. चार वडिलांनी बाजारात नेलेल्या. "तुझा प्रयोग उरलेल्यावर कर की," म्हणाले. भांडण झालं, पण त्या पैशात माझी फीही होती.

पोस्टरसमोर परीक्षकांनी पहिलंच विचारलं, विसाचे सोळा कसे? खरं ते सांगितलं. हसले. मग म्हणाले, "बरं, कंट्रोल कुठाय?" मला वाटलं ते कीटकनाशकाबद्दल विचारतायत. म्हटलं, "फवारणी केलीच नाही सर." पुढच्या फेरीला अर्थातच गेलो नाही. पण कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी काहीही न बदलता ठेवलेला नमुना, हे मला आता झोपेतही सांगता येतं.

मोडीत काढलेली
आर्ट्सवाल्यांना चालेल ना? टी.वाय. इतिहासाला गावच्या देवस्थानच्या जुन्या हिशेबवह्या घेतल्या. सगळं मोडीत. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठे संपला ते तुम्ही ओळखायचं. पहिल्या पानाला मला अकरा दिवस लागले. एवढं करून निघालं काय, तर नंदादीपाचं तेल! पुढच्या पानावरही तेल. महिनाभर तेलच. मग एका वर्षी तेल निम्म्यावर आलेलं दिसलं आणि माझी झोप उडाली. का ते प्रबंधात लिहू शकले नाही, पुढची वही वाळवीनं खाल्ली होती.

बाकावरचा
आमच्याकडे प्रकल्पाच्या अहवालाला म्हणत ‘ब्लॅक बुक’. काळं हार्ड बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या पाच वर्षांची सॉफ्ट कॉपी, नाव बदलून तासाभरात मिळे. माझ्या ‘ग्राहक समाधान’ प्रकल्पाच्या आभारात दुसऱ्याच कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार राहून गेले. ए ग्रेड मिळाली. क्रेडिट आलं की दुकान येतं, भाचीला एवढंच सांगा.

लांबचा
मुलगी इथे अमेरिकेत सरकारी विद्यापीठात, दुसऱ्या वर्षाला. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची आर.ई.यू. म्हणून योजना आहे, १९८७पासूनची. उन्हाळाभर दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि त्याचे पैसे मिळतात. पहिले तीन आठवडे तिनं फक्त बाटल्या धुतल्या. आजी फोनवर म्हणाली, "भांडीच घासायची तर इथे काय कमी होती?"

तिसरी घंटा
घरबसल्या हळहळणाऱ्यांसाठी: मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं २००४ साली पदवीच्या मुलांना विज्ञानात संशोधन करता यावं म्हणून एन.आय.यू.एस. हा उपक्रम सुरू केला. मी मराठवाड्यातून गेलो होतो. आमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) कपाटात कुलूपबंद असे, तिथे म्हणाले, "उघडून बघ आत काय आहे ते." हात थरथरले हो.

धागाकर्ता
@चाळकरी, भाचीला धागा वाचून दाखवला. कांद्यावरच्या काळ्या बुरशीवर काहीतरी करावं असं तिच्या डोक्यात आधीपासून होतं. विचारतेय, त्या रविवारच्या वह्या अजून आहेत का?

चाळकरी
एक आहे, माळ्यावर. तेराव्या आठवड्यापासून पुढची. आधीची आईनं रद्दीत घातली. उद्या फोटो काढून टाकतो, पण तिला म्हणावं, काटा किराणा दुकानातला होता.