दिल्लीच्या सहलीत अर्ध्या दिवसाचं पानिपत: जावं की उगाच वाट वाकडी करू नये?

खडकीकर
दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली-आग्रा केलं. एक दिवस मोकळा होता. बायको म्हणत होती मथुरा करू, मी हट्टाने पानिपत लावलं. नव्वदेक किलोमीटर, जीटी रोड झकास. मुरथलला पराठ्यांपायी पाऊण तास गेला तो वेगळा. शहरापासून आठेक किलोमीटरवर काला आंब, म्हणजे 1761 च्या मराठे-अब्दाली लढाईचं स्मारक. लोखंडी कुंपण, आत विटांचा बांधीव खांब, वर सळई, भोवती बाग. ज्या आंब्यावरून नाव पडलं तो केव्हाच गेलाय.

धाकट्याने विचारलं, "बाबा, लढाई नक्की कुठे झाली?" मी हात गोल फिरवून म्हणालो, "इथेच, सगळीकडे." त्याने सगळीकडे पाहिलं. शेतं, विजेच्या तारा, एक मोबाईल टॉवर. पंचवीस मिनिटांत आम्ही परत गाडीत.

माझं मत स्पष्ट सांगतो. धावत्या सहलीत रणांगण घालू नये. तिथे आपण काही बघत नाही, हजेरी लावतो. फोटो काढायचा, खाली 'नतमस्तक' लिहायचं, की पुढचा स्पॉट. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू?

रेवा_म
शंभर टक्के सहमत. रणांगण बघायचं तर जिथे जमीन अजून बोलते तिथे जा. खोपोलीजवळ चावणीला उतरून उंबरखिंडीत जा. 1661 च्या फेब्रुवारीत मुघल सरदार कारतलबखानाची फौज या अरुंद वाटेत सापडली. वर झाडीत महाराजांची माणसं, खाली पाण्यावाचून तडफडणारी फौज. अंबा नदीपाशी स्मारक आहे, पण ते नसतं तरी चाललं असतं. दोन्ही बाजूंचे डोंगर बघितले की पोराला काही समजावून सांगावं लागत नाही, मान वर केली की कळतं. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी घरी. पानिपतात काय, सपाट जमीन!

तोफची
सपाट जमीन हेच तर बघायचं असतं, ताई!

उंबरखिंडीत डोंगर आपल्या बाजूने लढला. पानिपतात आडोशाला एक टेकाड नाही. गनिमी काव्यावर वाढलेलं सैन्य अशा मैदानात गोलाची लढाई करायला उभं राहिलं, म्हणजे तोफा पुढे, बायका-माणसं आणि न लढणारे बुणगे मध्ये घेऊन यमुनेकडे सरकायचं. आपल्या तोफखान्याच्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींना ते जमत होतं, बाकीच्यांच्या अंगवळणी नव्हतं. हे पुस्तकात पन्नासदा वाचलं होतं. तिथे उभा राहिलो आणि लपायला कुठे जाणार हा प्रश्न पहिल्यांदा पडला.

आणि खडकीकर, तुम्ही आलात अब्दालीच्या बाजूने. दिल्लीहून वर येणारा प्रत्येक जण त्याच बाजूने येतो. भाऊसाहेब कुंजपुऱ्याचा किल्ला जिंकून उत्तरेत होते. तेवढ्यात ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि त्यांच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. म्हणून मराठ्यांची तोंडं दक्षिणेला, अफगाणांची उत्तरेला. सगळं उलटं! पोराला गोल हात दाखवण्याऐवजी शहराकडे पाठ करून दिल्लीकडे तोंड करून उभं करायचं होतं. दुपारची वेळ असती तर ऊन थेट डोळ्यांत गेलं असतं. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. "बाबा, दिसत नाही" असं तो म्हणाला असता, की तुमचा धडा पुरा.

खडकीकर
हे तुम्ही इथे लिहिलंत म्हणून कळलं. तिथल्या खांबाने सांगितलं नाही. म्हणजे माझाच मुद्दा झाला ना? तयारी असेल तर जागेची गरज कमी, तयारी नसेल तर जागेचा उपयोग नाही. चार दिवसांत सात ठिकाणं करणाऱ्या माणसाने तयारी कधी करायची? विमानात?

तोफची
विमान दोन तासांचं असतं. पुरतं.

ओवी७१
मला या हिशेबात नाही शिरायचं. आमच्याकडे आजी संक्रांतीला तिळगूळ वाटायची, पण स्वतः तोंडात घालायची नाही. घरातलं कोणी त्या दिवशी पानिपतावर पडलं म्हणे. नाव कुणालाच माहीत नाही. पानिपतच्या हानीची बातमी देणाऱ्या सांकेतिक पत्रात आहे ना, 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणनाच नाही', त्या खुर्द्यातला आमचा एक. मी काला आंबला गेले तेव्हा पाहिलं काहीच नाही, दहा मिनिटं नुसती बसले. आजीच्या वतीने गेल्यासारखं वाटलं. याला हजेरी म्हणायचं असेल तर म्हणा. मर्तिकाला जातो तेव्हाही हजेरीच लावतो आपण.

पंचांगी
भावना पोचल्या, पण एक दुरुस्ती. लढाई 14 जानेवारी 1761 ची, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. त्या दिवशी संक्रांत नव्हती. संक्रांत इंग्रजी तारखेच्या हिशेबात सुमारे सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख 12 जानेवारी 1863. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी आधीच्या तारखेला, म्हणजे लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. 'संक्रांत कोसळली' हे आपण मागाहून जोडलेलं आहे.

ओवी७१
आजी हयात असती तर तिला सांगायची हिंमत तुम्हीच केली असतीत. 🙏

दिल्लीस्थ_मराठी
बारा वर्षं इथे आहे, दर हिवाळ्यात पाहुणे असतात, म्हणून अनुभवाने लिहितो. अर्धाच दिवस असेल तर पानिपत सोडा आणि इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात जा. 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं, तिकीट नाही. गोल गोल भिंती, एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर एकेक नाव. पंचवीस हजारांवर आहेत. शेजारी परमवीरांचे अर्धपुतळे. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल तिथे आहेत, 1971 च्या युद्धात बसंतरच्या लढाईत गेले तेव्हा वय 21. मागे साताऱ्याकडचे एक काका आले होते. दीड तास विटांवरून बोट फिरवत मराठा लाइट इन्फंट्रीची नावं वाचत होते. ओळखीचं कुणी नव्हतं. आडनावं ओळखीची होती. त्यांना ताजमहालाची घाई नव्हती, मला होती.

पानिपतात आपण 'मराठे' नावाच्या जमावाला नमस्कार करतो. इथे एकेका माणसाला.

तोफची
दोन्हींत भांडण कशाला लावता? स्मारक वेगळं, रणांगण वेगळं. दिल्लीच्या स्मारकात कुणी लढलं नाही. आणि मराठ्यांचं रणांगणच हवं असेल तर तुमच्या दिल्लीतच आहे की. बुराडी घाट! दत्ताजी शिंदे 10 जानेवारी 1760 ला तिथे पडले. 'बचेंगे तो और भी लडेंगे' आपल्याला शाळेपासून पाठ, पण किती पाहुण्यांना नेलंत तिथे?

दिल्लीस्थ_मराठी
शून्य. पाहुण्यांचं सोडा, मी स्वतः त्या बाजूने कित्येकदा गेलो असेन, आणि डोक्यात फक्त ट्रॅफिक होतं. मान्य.

रेवा_म
बघा! म्हणजे जमीन आपोआप काही बोलत नाही, हे दिल्लीत राहणारेही कबूल करतायत. माझं उंबरखिंडीचं मत कायम. त्यात पानिपतला जाणाऱ्यांना तिथलं माणूस कधी दिसतच नाही. हरियाणातल्या रोड समाजातले बरेच जण स्वतःला मराठ्यांचे वंशज मानतात, 14 जानेवारीला काला आंबला जमतात. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, तो वाद वेगळा. पण तुम्ही खांब बघून परतता, त्या गावात चहासुद्धा पीत नाही. शहरात म्हणे सगळे ब्लँकेट घेऊन येतात.

खडकीकर
दोन आणली. उबदार आहेत.

तर तोफची, तुमच्या बोलण्यावर काल पोराला घेऊन गच्चीत गेलो. चार वाजता, दक्षिणेकडे तोंड करून उभा केला, हातात झाडू. समोरून मी आलो. "बाबा, नीट दिसत नाही, चीटिंग आहे," म्हणाला. मत पूर्ण बदललं नाही, पण मेमध्ये तो आजोळी जळगावला जाणार होता त्याऐवजी परत पानिपत म्हणतोय. आता बायकोला कोण समजावणार?

तोफची
मे नको, भाजून निघाल. जानेवारीत या. सकाळी धुक्यात हातभर दिसत नाही, म्हणून बारानंतर पोचा आणि चारपर्यंत थांबा. आधी शहरातलं संग्रहालय, मग काला आंब. पराठे परतताना. आणि वहिनींना मथुरा आदल्या दिवशी द्या.