ट्रेकिओस्टॉमीसाठी संमती मागितली आहे. होकार देण्यापूर्वी काय समजून घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. वडिलांना गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) हा मज्जातंतूंचा आजार झाला असून आधी पाय, मग हात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही दुबळे झाल्याने ते पुण्यातील एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. इम्युनोग्लोब्युलिनची पाच दिवसांची इंजेक्शने देऊन झाली आहेत. आता डॉक्टर म्हणतात की तोंडातली नळी काढून गळ्याला छिद्र करून तेथून नळी बसवावी (ट्रेकिओस्टॉमी). आईला भीती वाटते की यामुळे आवाज कायमचा जाईल, तर काही नातेवाइकांच्या मते डॉक्टरांनी आशा सोडल्याचे हे लक्षण आहे. मानेच्या बाजूला आधीच एक नळी आहे, मग ही दुसरी कशासाठी? कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर: अतिदक्षता विभागातील डॉक्टर

वडिलांचे कागदपत्र मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मानेच्या बाजूची नळी बहुधा सेंट्रल लाइन असावी. ती मोठ्या शिरेत असते, हाताच्या बारीक शिरांना न सोसणारी औषधे तिच्यातून देतात आणि श्वासाशी तिचा संबंध नसतो.

तोंडातून घातलेली नळी दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरते. थोड्या दिवसांसाठी ती योग्यच असते, पण आठवडे उलटू लागले की स्वरयंत्राला इजा होण्याचा धोका वाढतो, तोंडाची स्वच्छता नीट राखता येत नाही आणि नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधे द्यावी लागतात. ट्रेकिओस्टॉमीचे छिद्र स्वरयंत्राच्या खाली केले जाते, त्यामुळे स्वरतंतूंना धक्का लागत नाही. नळीभोवतीचा फुगा फुगवलेला असेपर्यंत हवा स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तेवढा काळ बोलता येत नाही. गरज संपल्यावर नळी काढली की छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरून येते.

जीबीएसमध्ये मज्जातंतू सावकाश सुधारतात आणि कित्येक रुग्णांना अनेक आठवडे व्हेंटिलेटर लागतो. सुधारणेला वेळ मिळावा याच हेतूने हा उपाय सुचवला जातो. तो आशा सोडल्याची खूण मुळीच नाही. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांना ट्रेकिओस्टॉमी करून हाताने श्वास देण्याची पद्धत अवलंबली, त्यासाठी वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशवी दाबत बसले, आणि आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात त्यातूनच झाली असे मानले जाते.

धोके मात्र आहेत आणि ते आपण स्पष्ट विचारावेत: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कफाने नळी तुंबणे, पुढे श्वासनलिका अरुंद होणे. पहिल्या आठवड्यात नळी निसटली तर ती परत बसवणे अवघड असते, कारण छिद्राचा मार्ग तोवर पक्का झालेला नसतो. घाईबाबत एक सांगतो. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत (2013) पहिल्या चार दिवसांत आणि दहा दिवसांनंतर ट्रेकिओस्टॉमी करण्याचे नियोजन असलेल्या दोन गटांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही. त्यामुळे शंका विचारून घेण्यासाठी एखादा दिवस मागितल्यास सहसा नुकसान होत नाही.

उत्तर: निवृत्त परिचारिका

डॉक्टरांनी सांगितले ते योग्यच आहे, पण एक गोष्ट राहून गेली. जीबीएसच्या रुग्णाचे शरीर हलत नसले तरी बहुतेकदा तो पूर्ण शुद्धीत असतो, त्याला सगळे ऐकू येते आणि कळते. म्हणून गुंगी कमी असताना संमती प्रथम वडिलांकडेच मागा. पापणी एकदा मिटली की होय, दोनदा मिटली की नाही, असे ठरवता येते; पापण्याही हलत नसतील तर दुसरी कोणती हालचाल शिल्लक आहे ते परिचारिकेला विचारा. मराठी अक्षरांचा तक्ता करून ओळीवर बोट ठेवत गेल्यास ते शब्दही जुळवू शकतील. त्यांच्या खाटेजवळ उभे राहून त्यांच्या आजाराविषयी आपसात निराशेचे बोलू नका. सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना, जोराचा ठसका येतो, तेव्हा घाबरू नका.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज भेटीच्या वेळी वडिलांनाच विचारतो. त्यांना पुन्हा बोलता केव्हा येईल?

उत्तर: अतिदक्षता विभागातील डॉक्टर

तारीख सांगता येणार नाही. व्हेंटिलेटरचा आधार कमी होऊ लागला आणि लाळ नीट गिळता येते असे तपासणीत दिसले, की फुगा सैल करून बोलण्याचा व्हॉल्व्ह लावून पाहतात. हा व्हॉल्व्ह आणि गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ त्या रुग्णालयात उपलब्ध आहेत का, हे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून ठेवा.