मदत हवी आहे : अधांतरी बुंधा चेन सॉने कसा कापावा?

नमस्कार. गगनबावड्याजवळच्या आमच्या शेतात पावसात उन्मळून पडलेला फणस कापताना काल पात्याच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला टेकला आणि चेन सॉ क्षणात माझ्या खांद्याकडे उसळली. डावा अंगठा पुढच्या मुठीला पक्का वेढलेला होता आणि चेन ब्रेक वेळेवर लागला, म्हणूनच मी वाचलो. आता उरलेला बुंधा दोन बांधांवर टेकून मधे अधांतरी आहे, त्यामुळे वरून कापल्यास फट मिटून पाते अडकते. वरून सुमारे एक तृतीयांश काप घेऊन बाकीचा खालून घ्यावा, हे मला ठाऊक आहे, परंतु खालून कापताना मशीन अंगावर ढकलले जाते, याची कालपासून धास्ती वाटते. अशा वेळी पाय कोठे रोवावेत, पाचर केव्हा ठोकावी आणि चेन रोखणारी संरक्षक पँट कोल्हापुरात कोठे मिळेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.