दंड भरला म्हणजे केस संपली असं नाही

दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं तर दहा हजार भरले की मोकळे, असं काहींना वाटतं. नाही ओ, मोटार वाहन कायद्यातल्या कलम १८५ ची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची, केस रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं आणि तिथं गुन्हा कबूल करून दंड भरला तरी ती शिक्षाच धरली जाते. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ अल्कोहोल, म्हणजे फार थोडी.

माझा चुलतभाऊ गोव्याहून चोर्ला घाटानं येताना कर्नाटकातल्या जांबोटीजवळ सापडला, मशीनमध्ये फुंकायला लावलं, गाडी तिथंच ठेवून घेतली. कागद सगळे कन्नडमध्ये, ह्याला वाचता येईना, नुसती सही केली बघा. नंतर वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, कारण हा ड्रायव्हर, पोट लायसनवर, आणि लायसनच सस्पेंड झालं तर घर कशावर चालणार? म्हणून सांगते, सही करायच्या आधी कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि कोर्टात कबूल व्हायच्या आधी वकिलाला लायसनचं विचाराच.