समुद्रसिंहांसोबत पाण्यात उतरलेले कोणी आहे का इथे? अनुभव लिहा

काल माळा आवरताना जुना स्नॉर्कलचा मास्क सापडला, पट्टा पार चिकट झालेला, आणि एकदम ला पाझ आठवलं. मेक्सिकोतलं, बोलिव्हियातलं नव्हे. तिथून पांगा म्हणजे छोट्या मोटारबोटीने एस्पिरितु सांतो बेटाच्या उत्तर टोकाला लोस इस्लोतेस नावाचे खडक आहेत तिथे गेलेलो. आधी वास आला, मग भुंकणं, मग खडक दिसले! पाण्यात उतरले तर एक पिल्लू थेट माझ्या पायातलं पोहायचं फिनच चावायला लागलं, ओढायचं, सोडायचं, गिरकी घेऊन परत तोंडासमोर. मी हसले की मास्कमध्ये पाणी, पोटभर खारं पाणी प्याले. तुमचंही येऊ द्या.

खारावारा: पिल्लं सगळं तोंडानेच तपासतात, हात कुठेयत त्यांना. आमचा गाइड आधीच ओरडलेला, हात छातीशी धरा, बोटं पसरू नका

भटकभवानी: फोटो???

धागाकर्ती: कॅमेऱ्यात फक्त बुडबुडे आणि नवऱ्याचा पाय आलाय 😭

उशिरालतीफ: आम्ही शहाणे जुलैत गेलो. जून ते ऑगस्ट विणीचा हंगाम, पाण्यात उतरूच देत नाहीत. आधी चिडचिड झाली, पण बोटीतून एक नर बघितला, ३०० किलोचं तरी धूड असेल, पिल्लांभोवती गस्त घालत भुंकतोय. म्हटलं बरंय, बोटच बरी

मीराखारी: गालापागोस बेटांवर सान क्रिस्तोबालमध्ये तर बंदरावरच्या बाकांवर झोपलेले असतात, बसायला जागा नाही. २ मीटर लांब राहायचा नियम आहे पण तो आपल्याला, त्यांना कोण सांगणार

कुतूहल: हे सीलच ना?

खारावारा: नाही रे. समुद्रसिंहाला बाहेर बारके कान दिसतात आणि तो पुढच्या वल्ह्यांवर उठून चालतो, सील जमिनीवर पोटावर सरपटतो

बोटलागी: मला बोट लागते. सगळे पाण्यात मजा करतायत आणि मी बादली धरून, एक समुद्रसिंह डोकं वर काढून माझ्याकडेच बघत होता. काय दया आली असेल बिचाऱ्याला

भटकभवानी: @बोटलागी अगं गोळी निघायच्या आधी घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही

बोटलागी: घेतलेली गं. तीपण बादलीत गेली

चष्मिष: चष्मेवाल्यांनी काय करायचं? माझा नंबर -६ आहे, मला समुद्रसिंह आणि नवरा सारखेच दिसतील

धागाकर्ती: नंबरचा मास्क मिळतो गं. तरी फरक कळेलच असं नाही 😂 कुकर झाला, आले