रेडिएटर पाझरतोय, सीलंट ओतू का?

मागची_सीट

गाडी पेट्रोल, बऱ्यापैकी जुनी, पण इंजिनाची तक्रार आजवर नव्हती. हल्ली कूलंटची बाटली मॅक्सवरून मिनवर यायला आठवडाही लागत नाही. जमिनीवर थेंब क्वचित दिसतात, मात्र रेडिएटरची काळी प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते, तिथे खालच्या कोपऱ्यात गुलाबी पापुद्रा जमलाय. पुसला की पुन्हा येतो. तापमानाचा काटा अजून मध्यावरच आहे.

नवा रेडिएटर मागवलाय, पण यायला वेळ आहे आणि गाडी रोज लागते. मित्र म्हणतो, सीलंटची बाटली ओत आणि रेडिएटर रद्द कर. मेस्त्री म्हणतो, ओतलंत तर गाडी माझ्याकडे आणू नका. का, ते मात्र सांगत नाही. त्या बाटलीने आत नेमकं काय होतं, हे कोणी नीट समजावेल का?

टॉपगिअर

ओता बिनधास्त. माझ्या आधीच्या गाडीत ओतलं होतं, दुसऱ्या दिवशी गळती बंद. पुढे गाडी विकेपर्यंत कटकट नाही. मेस्त्री नाही म्हणणारच, त्याचं काम जातं ना!

कोअरवाला

टॉपगिअर, गळती थांबली हे खरं असेल. पण गाडी विकल्यावर पुढच्या मालकाच्या वाट्याला काय आलं ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. मला कळतं, कारण ते रेडिएटर माझ्या टेबलावर येतात. टाक्या उतरवायच्या, कोअर (म्हणजे मधली नळ्यांची जाळी) साफ करायचा, नवं रबर घालून पत्र्याच्या कडा पुन्हा दाबायच्या, हाच माझा धंदा.

मागची_सीट, आता तुमच्या प्रश्नाकडे. सीलंट नावाखाली दोन वेगळ्या जातीचा माल विकला जातो. पहिल्यात तंतू आणि भुगा असतो. सेल्युलोजचे तंतू, अक्रोडाच्या टरफलाची पूड, काहींत तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे बारीक कण. हे सगळं कूलंटबरोबर फिरत राहतं. फटीतून कूलंट बाहेर पडताना तंतूंनाही ओढून नेतो आणि नाल्याच्या जाळीवर पाला अडकावा तसे ते तिथे आडवे बसतात. उरलेल्या फटी भुग्याने भरतात. छिद्र सुईच्या टोकाएवढं असेल तर हे खरोखर चालतं, उगाच नाही म्हणणार नाही.

दुसरी जात सोडियम सिलिकेटची. ‘हेड गॅस्केट’ (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) दुरुस्तीच्या म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांत बहुधा हे असतं. गरम जागी त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे कडक थर उरतो. हा पदार्थ किती जबर आहे ते ऐका. २००९ साली अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना आली होती. त्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण भरत आणि इंजिन जाम होईपर्यंत चालू ठेवत. ऑइलच्या जागी घालणं आणि कूलंटमध्ये घालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. तरी लेबल न वाचता ओतायची ही वस्तू नाही. पुष्कळदा आधी जुनं कूलंट पूर्ण काढून साध्या पाण्याने फ्लश मारायला सांगितलेलं असतं, कारण कूलंटशी त्याचं जमत नाही. लोक ती ओळ गाळतात आणि मग आत लगदा सापडतो.

मेस्त्रीचं ‘का’ आता सांगतो. फट कुठली आणि नळी कुठली, हे सीलंटला समजत नाही. कोअरच्या चपट्या नळ्या आतून एक-दोन मिलिमीटर उंचीच्या. टाकी उचलली की त्यांची तोंडं रांगेने समोर दिसतात. सीलंट प्यायलेल्या रेडिएटरमध्ये वरच्या रांगा मोकळ्या आणि खालच्या तपकिरी चिखलाने लिंपलेल्या. त्या चिखलात तांब्याचे कण चमकतात. तार घातली की चिखलाची गुळगुळीत वळी निघते आणि मागे पुन्हा तेच. गाडीवर असताना याची एक खूण, इंजिन गरम झाल्यावरही कोअरचा खालचा भाग हाताला गार लागतो. हीटरचा कोअर म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, त्याच्या नळ्या बारीकच, त्यामुळे पुष्कळदा तोच आधी तुंबतो. हीटर गार वारा फेकायला लागला की समजा.

तुमच्या गळतीची जागा वाचून मला वाटतं, सीलंटचा तिथे उपयोग कमीच. तो टाकीचा सांधा आहे. आत रबराची रिंग, वरून पत्र्याचे दात दाबलेले. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम गरम झाल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणजे गाडी तापली-निवली की सांधा प्रत्येक वेळी हलतो. हलत्या जागेवर बसलेलं बूच किती टिकणार? हेच होज पाईपच्या चिरेचं आणि वॉटर पंपाच्या सीलचं. पंपाच्या खाली एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेला की तिथून कूलंट बाहेर यावं म्हणून. ते बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं.

आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. गार इंजिनावर कॅपच्या जागी हातपंप लावायचा, कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा (१.१ बार वगैरे असतं, त्याहून जास्त नाही) आणि पाच-दहा मिनिटं काटा पाहत बसायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर कूलंट आत जातंय. मग हेड गॅस्केटची निळ्या पाण्याची टेस्ट करा. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं पाणी पिवळं पडतं. हे दोन तपास होईपर्यंत बाटलीचं झाकणही उघडू नका.

जुनी_डिझेल

कोअरवाला साहेबांचा अनुभव मोठा, पण त्यांच्याकडे बिघडलेलेच रेडिएटर येतात हेही लक्षात घ्या. ज्यांचं काम झालं ते कशाला जातील त्यांच्याकडे?

जनरल मोटर्सच्या नॉर्थस्टार व्ही-८ इंजिनांत कारखान्यातूनच सीलिंगच्या गोळ्या टाकून येत, आणि कूलंट बदललं की पुन्हा टाका अशी सूचना असे. म्हणजे योग्य माल, योग्य माप असेल तर कंपनीसुद्धा घालते. दगड लागून कोअरला बारीक छिद्र पडलं, जवळपास वस्ती नाही, टोइंग नाही, तर मी अजूनही बाटली काढीन. डिकीत एक असतेच.

कोअरवाला

जुनी_डिझेल, गोळ्यांचं बरोबर आहे. त्या नव्या, स्वच्छ सिस्टिममध्ये मोजून जात होत्या. दहा वर्षांचा गंज आणि क्षार साचलेल्या गाडीत तेच माप वेगळं वागतं. आणि कोअरचं छिद्र, दूरचा रस्ता, यावर आपलं भांडण नाहीच. तिथे मीही ओतीन. घरी पोचल्यावर फ्लश मारीन एवढंच.

हो, ओतायचंच असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण ही जवळजवळ प्रत्येक वेळी चुकलेली दिसते. ज्या गाडीत रेडिएटरवर वेगळी कॅप आहे आणि बाजूची बाटली नुसती उतू जाणारं कूलंट झेलते, तिथे सीलंट त्या बाटलीत ओतून काही होत नाही. ती फिरण्याच्या वाटेवर नसते. माल तळाशी बसतो, बारीक नळी तुंबते, आणि मग गार होताना रेडिएटर कूलंट परत ओढू शकत नाही. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरच्या तोंडातूनच ओता. ज्या गाडीत बाटलीवरच प्रेशर कॅप असते तिची गोष्ट वेगळी. आणि छोट्या गाडीच्या सिस्टिममध्ये पाच-सहा लिटर कूलंट मावतं, मोठ्या गाडीसाठीची अख्खी बाटली त्यात रिकामी करू नका.

मागची_सीट

टेस्ट करून आलो. सांध्यातून पाझरतंय हे डोळ्यांनी पाहिलं. दाब भरल्यावर दातांच्या फटीतून एकेक मणी फुगून खाली घरंगळत होता. वरच्या होजची क्लिपही सैल निघाली, ती तिथेच आवळली. निळं पाणी निळंच राहिलं. सीलंट नको हे ठरलं.

आता रेडिएटर येईपर्यंत काय करू? एकाने सांगितलं, कॅप अर्धी सैल ठेव, दाब राहणार नाही आणि गळणार नाही. आणि वरून साधं पाणीच टाकत जा, कूलंट कशाला वाया घालवतोस.

कोअरवाला

क्लिप सैल होती म्हणजे अर्धी गळती तिचीच असू शकते. आधी बघा, बाटली आता किती दिवसांनी उतरते.

कॅप सैल करायची युक्ती खरी आहे, पण तिची किंमत समजून घ्या. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. कॅपचा दाब असला की तोच आकडा १२५च्या पुढे जातो. तुमचा पंखाच ९५-१००च्या आसपास सुरू होत असेल, म्हणजे कॅप सैल असताना हाताशी फार थोडं अंतर उरतं. ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर ते संपलं की हेडभोवती वाफ धरते. गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर ठीक. रोजच्या वापराला नको. कॅप घट्टच ठेवा आणि रोज सकाळी गार इंजिनावर पातळी बघा.

साधं पाणी अडचणीत एखाद्या वेळी चालेल. रोज टाकत राहिलात तर मिश्रण पातळ होतं, गंज थांबवणारी रसायनं कमी होतात आणि जड पाण्याचे क्षार त्याच बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि आहे त्याच जातीचं कूलंट निम्मं-निम्मं करून एक कॅन डिकीत ठेवा. रंग एक म्हणून जात एक असं धरू नका, लेबल वाचा.

आणि काट्यावर विसंबू नका. पातळी फार उतरली की सेन्सर कूलंटऐवजी हवेत उघडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो. हीटर अचानक गार वारा द्यायला लागला किंवा काटा विचित्र उतरला, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा वर चढत असेल आणि थांबायला जागा नसेल, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा फुल. घाम फुटेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर जाते. कॅपला मात्र होज हाताने दाबून मऊ लागेपर्यंत हात लावू नका.

खाली सांडलेलं पुसून घ्या. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

मागची_सीट

क्लिप आवळल्यापासून पातळी बरीच सावकाश उतरतेय. रेडिएटर बसवताना होजही बदलून घेऊ का?

कोअरवाला

दाबून बघा. तोंडाशी फुगलेले, चिकट किंवा कडक झालेले असतील तर बदला, क्लिपा तर नव्याच घ्या. थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) त्याच वेळी, कूलंट तसंही निघणारच आहे. भरून झाल्यावर हवा काढायला सांगा, नाहीतर नवा रेडिएटर असूनही गाडी गरम होईल आणि तुम्ही पुन्हा इथे लिहाल.